पावसाळी दिवसातील प्राणिपालाचे काम: नाशिकमधील नवोदितांसाठी मार्गदर्शन

प्राणिपाल म्हणून नव्याने रुजू होणाऱ्या अनेकांची अशी समजूत असते की पावसाचा दिवस म्हणजे हलका दिवस. प्रेक्षक नसतात, प्राणी आडोशाला बसलेले असतात आणि आपल्याला कोठीच्या दारात चहा घेत पाऊस थांबण्याची वाट पाहायची असते. प्रत्यक्षात वर्षभरातील सर्वांत जास्त लक्ष मागणारे दिवस हेच असतात. या दिवसांत कामाचा क्रम बदलतो आणि तो बदल नव्या माणसाला कोणी नीट समजावून सांगत नाही, म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. बिबट्या, सांबर, अस्वल, मोर हे प्राणी पिढ्यान्‌पिढ्या सह्याद्रीचा पाऊस अंगावर घेत आले आहेत आणि पावसाने त्यांचे सहसा काही बिघडत नाही. बिघडते ते ओलीने. जंगलातला प्राणी ओली जागा सोडून कोरड्या जागी जाऊन बसतो. पिंजऱ्यातल्या प्राण्याला कोरडी जागा आपण करून दिली तरच मिळते. त्यामुळे पावसाळ्यात प्राण्याला पावसापासून वाचवण्यात शक्ती घालवू नये. फरशी, चारा, खूर, कुलूप आणि नाली यांतली ओल आवरणे हे त्या दिवसाचे खरे काम आहे.

१. आपण कोणत्या ठिकाणी काम करणार आहोत ते आधी ओळखा

नाशिकच्या मुलामुलींना या क्षेत्रात साधारण दोन वाटा उपलब्ध असतात. पहिली वाट बाहेरगावच्या प्राणिसंग्रहालयांची आहे: पुण्यातील कात्रज, मुंबईतील भायखळ्याची राणीची बाग, नागपूरचे गोरेवाडा, छत्रपती संभाजीनगरचे सिद्धार्थ उद्यान. दुसरी वाट घराजवळची आहे. म्हसरूळ येथे वन विभागाचे वन्यप्राणी उपचार केंद्र असून जिल्ह्यात जखमी झालेले किंवा पकडलेले प्राणी तेथे आणले जातात.

या दोन्हींतील फरक पावसाळी दिवशी फार महत्त्वाचा ठरतो. प्राणिसंग्रहालयातील प्राणी कायमचा तेथे राहणारा असल्यामुळे त्याला माणसाची सवय होणे उपयोगाचे असते. उपचार केंद्रातला बिबट्या बरा होऊन परत जाणार असेल, तर त्याला माणसाची सवय लागणे हेच त्याचे नुकसान आहे. त्यामुळे पुढे सांगितलेले प्रशिक्षण आणि खेळ प्राणिसंग्रहालयासाठी आहेत. उपचार केंद्रात पिंजऱ्याभोवतीचे हिरवे कापड वाऱ्याने सुटले असेल तर ते पुन्हा बांधावे, आवाज न करता काम उरकावे आणि तेथून निघून यावे.

२. कागदपत्रे आणि लसी पावसाळ्यापूर्वी पूर्ण करा

नेमणुकीच्या वेळी सर्वसाधारणपणे पुढील कागद मागितले जातात. मूळ प्रतींबरोबर दोन-दोन छायाप्रती प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवाव्यात.

- आधार कार्ड आणि रहिवासाचा पुरावा
- शाळा सोडल्याचा दाखला व शेवटच्या परीक्षेची गुणपत्रिका
- पोलिसांकडील चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र
- शासकीय रुग्णालयाचे वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र
- लसीकरणाची नोंद, विशेषतः धनुर्वात आणि रेबीज

रेबीजची लस चावा घेतल्यानंतरच घ्यायची असते असे पुष्कळांना वाटते. या कामात ती आधी घ्यायची असते. मात्र ती घेतली म्हणून चाव्यानंतरचे डोस टळत नाहीत, फक्त उपचार सोपा होतो. लेप्टोस्पायरोसिस हा पावसाळ्यातला दुसरा धोका आहे. उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून हे जंतू पायावरच्या चिरांवाटे शरीरात शिरतात, आणि जेथे धान्याची कोठी आहे तेथे उंदीर असणारच. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात उतरावे लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळ्यांविषयी विचारावे. ताप येण्याची वाट पाहू नये.

३. सोबत काय ठेवावे

- गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि मोज्यांचे दोन जादा जोड
- पँट व जॅकेट असा दोन भागांचा रेनकोट
- टॉर्च, शिट्टी आणि रबरी हातमोजे
- खराटा, फावडे, घमेले आणि लांब दांड्याचा वायपर
- कुलपांसाठी ग्रीस आणि जुनी चिंधी
- वही आणि शिसपेन्सिल, कारण ओल्या कागदावर शाई पसरते, पेन्सिलीचे अक्षर टिकते

छत्री या यादीत मुद्दामच नाही. काळवीट किंवा चितळांच्या कुंपणाजवळ फटकन उघडलेली छत्री सगळा कळप उधळायला पुरेशी असते, शिवाय एक हात कायमचा अडकतो. वाऱ्यावर फडफडणारा घोंगडीवजा रेनकोटही याच कारणासाठी टाळावा. रेनकोटमुळे आपला आकार, आवाज आणि वास असे तिन्ही बदलतात, त्यामुळे रोजच्या ओळखीचा प्राणीही बिचकू शकतो. पिंजऱ्याच्या वळणावर पोहोचण्याआधीच नेहमीच्या शब्दांत त्याला हाक द्यावी.

४. सकाळची पहिली फेरी बाहेरूनच करा

रात्री पाऊस पडून गेला असेल तर कोणतेही दार उघडण्यापूर्वी पूर्ण फेरी बाहेरून मारावी. सर्वप्रथम प्रत्येक प्राणी डोळ्यांनी पाहून मोजावा. “आत असेल” हे उत्तर चालत नाही. त्यानंतर पुढील गोष्टी तपासाव्यात.

झाडे. पावसाने भिजून जड झालेली गुलमोहराची फांदी कुंपणावर आडवी पडली की बिबट्यासाठी ती पायवाट ठरते. फांदी पडलेली दिसली तर ती ओढायला जाऊ नये. आधी प्राणी आतल्या खोलीत बंद असल्याची खात्री करावी, वरिष्ठांना कळवावे आणि मगच तिला हात लावावा.

खंदक. प्रेक्षक आणि वाघ यांच्यामध्ये ठेवलेला कोरडा खंदक त्याच्या खोलीमुळे सुरक्षित असतो. पाणी भरले की ती खोली कमी होते आणि वाघ उत्तम पोहतो. मगरीच्या तळ्याचेही तसेच आहे: पाण्याची पातळी चढली की भिंतीची उंची तेवढीच घटते. म्हणून तळ्याच्या भिंतीवर रंगाची एक रेघ मारून घ्यावी आणि पाणी तिच्यापर्यंत आले की विसर्गाची झडप उघडावी. जाळीवर अडकलेला पालापाचोळा हे पाणी तुंबण्याचे नेहमीचे कारण असते, म्हणून जाळी आदल्या संध्याकाळीच साफ करावी.

कुलपे व सरकती दारे. दोन खोल्यांमधले सरकते दार ज्या खाचेतून चालते, त्या खाचेत चिखल आणि गंज साचतो. दार पूर्ण बंद झाल्यासारखे दिसते, पण बोटभर उघडे राहते. दार सरकवल्यानंतर कडी लागल्याचे डोळ्यांनी पाहावे, कुलूप हाताने ओढून बघावे आणि शक्य असेल तेथे जोडीदाराकडून पुन्हा तपासून घ्यावे. दोन माणसांनी एकच कुलूप पाहणे हा वेळेचा अपव्यय आहे असे म्हणणारा सहकारी भेटेलच. त्याच्याशी वाद न घालता कुलूप पाहावे.

विजेचे कुंपण. वाढलेले ओले गवत तारेला टेकले की प्रवाह जमिनीत उतरतो आणि कुंपण नावापुरते उरते. गवत नियमित कापावे. बल्ब, हीटर, पंप यांच्या जोडण्या मात्र वायरमनशिवाय कोणीही उघडू नयेत.

कोठी आणि पंपघरात शिरताना आधी टॉर्च मारावा. पावसात बिळात पाणी भरल्यावर नाग, घोणस आणि मण्यार कोरडी जागा शोधत येतात आणि गोणपाटांची चळत त्यांना फार सोयीची वाटते.

५. सफाई: पाणी कमी, वायपर जास्त

उन्हाळ्यात आपण पाइप लावून फरशी धुतो आणि तासाभरात ती वाळते. नाशिकच्या जुलैत ती दिवसभर वाळत नाही. त्यामुळे पावसाळ्यात आधी शेण, लेंडी, हाडे आणि उरलेला चारा कोरडाच उचलावा, नंतर कमीत कमी पाण्यात घासावे आणि सगळे पाणी वायपरने नालीकडे ओढून काढावे. प्राण्याला बसायला फरशीपासून वर उचललेली लाकडी फळी किंवा मचाण असलेच पाहिजे. अंथरायला भाताचा पेंढा चांगला. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या बाजूला तो मुबलक मिळतो. पण घेताना गंजीच्या आतला पेंढा ओढून त्याचा वास घ्यावा, कुबट वास आला तर फुकट मिळाला तरी आणू नये.

जंतुनाशकांच्या बाबतीत चार सापळे आहेत.

पहिला, फिनाईल. घरी फरशी पुसायला चालते म्हणून ते बिबट्या, वाघ किंवा सिंहाच्या खोलीत वापरू नये. मार्जारवर्गातील प्राण्यांचे यकृत फिनॉलसारखी द्रव्ये नीट निकामी करू शकत नाही आणि पंजे चाटताना ती पोटात जातात.

दुसरा, घाणीवर ब्लीचिंग पावडर टाकणे. शेण आणि रक्त तिची ताकद खाऊन टाकतात, म्हणून आधी धुवायचे, मग पावडरचे पाणी, ठरलेली वेळ थांबायचे आणि पुन्हा स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवायचे.

तिसरा सापळा धोकादायक आहे: ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि पावसामुळे खिडक्या बंद असलेल्या खोलीत तो जिवावर बेतू शकतो.

चौथा, दारातले पाय बुडवण्याचे भांडे. पोटॅशियम परमँगनेटचे द्रावण पावसाच्या पाण्याने पातळ होते आणि जांभळ्याचे तपकिरी झाले की निरुपयोगी ठरते. भांड्यावर छोटे छप्पर करावे आणि रंग बदलताच द्रावण बदलावे.

६. खुराक: या ऋतूत विश्वास ठेवायचा तो नाकावर

पहिल्या पावसानंतरचे कोवळे, लुसलुशीत गवत हरणांना एकदम भरपूर घातले तर पोटफुगी होते. हिरवा चारा कापून काही तास सुकवावा, वाळल्या चाऱ्यात मिसळावा आणि त्याचे प्रमाण हळूहळू वाढवावे. कोवळ्या ज्वारीचा चारा तर घेऊच नये. फुलोऱ्यापूर्वीच्या ज्वारीत, विशेषतः पावसाने मध्येच ओढ दिली असेल तर, हायड्रोसायनिक आम्ल तयार होण्याइतकी द्रव्ये असतात. शेतकरी यालाच किराळ लागणे म्हणतात आणि त्यात जनावर फार लवकर दगावते.

नाशिक जिल्ह्यापुरता एक वेगळा इशारा. पावसाळ्यात चाळीतला कांदा सडू लागला की कोणीतरी चांगल्या भावनेने ट्रॅक्टरभर कांदा आणून टाकतो. तो नम्रपणे परत पाठवावा. कांद्यातील गंधकयुक्त द्रव्यांमुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. गुरे, हरणे आणि माकडे यांपैकी कोणालाही तो खाद्य म्हणून देण्याजोगा नाही.

मका, शेंगदाणा पेंड आणि पक्ष्यांचे दाणे यांच्यावर ओलीने बुरशी येते. त्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत खराब करते आणि शिजवूनही नाहीसे होत नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा कारण शेंगदाणा पेंडीतली हीच बुरशी असल्याचे पुढे निष्पन्न झाले. मोर हा त्याच कुळातला पक्षी आहे. म्हणून पोती फळीवर आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत, आधी आलेले पोते आधी संपवावे आणि बुरशीचा भाग काढून उरलेले वापरण्याचा मोह टाळावा. बुरशी दिसते तेवढीच नसते.

मांसाहारी प्राण्यांसाठी येणारी म्हशीच्या मांसाची किंवा कोंबडीची गाडी पावसात उशिरा येऊ शकते, म्हणून शीतपेटीत एका दिवसाचा साठा असावा. मांस आतल्या खोलीतच द्यावे आणि उरलेले त्याच दिवशी उचलावे, नाहीतर माश्यांना आमंत्रण मिळते. पाण्याची भांडी पावसाने भरलेली दिसली तरी ती रिकामी करून घासून पुन्हा भरावीत.

७. आत की बाहेर, हे शक्यतो प्राण्याला ठरवू द्या

साध्या पावसात आतल्या खोलीचे आणि अंगणाचे दार उघडे ठेवून निवड प्राण्यावर सोडणे उत्तम. वाघ पावसात मजेत बसेल, त्याच्या शेजारचा बिबट्या छपराखालून हलणार नाही, आणि दोघांचेही बरोबर असते. मात्र प्राणी मूळचा कोणत्या प्रदेशातला हे लक्षात ठेवावे. काळवीट हा मोकळ्या, कोरड्या माळाचा प्राणी आहे. येवला तालुक्यातील ममदापूरचे काळवीट राखीव क्षेत्र ज्याने पाहिले असेल, त्याला हा प्राणी दलदलीत उभा का राहू शकत नाही हे सांगावे लागणार नाही. त्याच्या अंगणात उंचवटा करून मुरूम टाकावा आणि चारा उंच गव्हाणीत द्यावा.

विजांचा कडकडाट सुरू झाला की नियम बदलतो. बिचकलेले हरीण कुंपणावर धडकते किंवा धावून धावून त्याचे स्नायू निकामी होतात आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी ते मरते. अशा वेळी कळपात शिरू नये, पकडापकडी करू नये आणि धावाधाव थांबेपर्यंत दूर उभे राहावे. स्वतः झाडाखाली किंवा लोखंडी जाळीला टेकून थांबू नये.

सरपटणाऱ्या प्राण्यांचे गणित निराळे आहे. सलग ढगाळ दिवसांत कासवांना ऊन मिळत नाही, तेव्हा त्यांना उष्णतेचा आणि अतिनील किरणांचा दिवा लावावा लागतो. तारांकित कासव सतत ओल्या मातीत राहिले तर त्याच्या कवचावर मऊ, दुर्गंधी येणारे ठिपके पडतात आणि नाकातून फुगे येऊ लागतात. ही लक्षणे दिसताच पशुवैद्यकाला कळवावे.

८. निरीक्षण: खूर, कातडी, शेण आणि माश्या

पाऊस ओसरल्यावरचा तासभर निव्वळ पाहण्यासाठी राखून ठेवावा. हरिणांत कोण पाय उचलून उभे आहे, कोण मागे राहते हे पाहावे. सततच्या चिखलाने खुरांमधली कातडी मऊ पडून सडते आणि लंगडणे हे त्याचे पहिले दिसणारे लक्षण असते. मोरचुदाच्या पाण्यातून कळप चालवण्याचा उपाय सर्वांना माहीत असतो, पण ते पाणी प्यायल्यास विषारी असल्यामुळे प्रमाण आणि पद्धत पशुवैद्यकाने ठरवलेलीच असावी. कान, काखा आणि शेपटीखाली गोचीड शोधावेत. जखमेवर माशी बसत असेल तर अळ्या पडण्याआधीच कळवावे.

घोडमाश्या, म्हणजे रक्त पिणाऱ्या मोठ्या चावऱ्या माश्या, या दिवसांत वाढतात आणि सर्रा नावाचा रोग पसरवतात. गुराढोरांचा म्हणून ओळखला जाणारा हा रोग वाघांनाही होतो. ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात २००० साली याच रोगाने डझनभर वाघ गेले. वाघ-बिबट्याने खाणे सोडले, ताप वाटला किंवा चाल अडखळली तर उद्यापर्यंत थांबू नये.

जंतांची तपासणी करण्यासाठी शेणाचा नमुना घ्यायचा असल्यास तो ताजा आणि न भिजलेला असावा. पावसात धुतलेला नमुना प्रयोगशाळेत नेणे म्हणजे फुकटची खेप. बाटलीवर प्राण्याचे नाव, तारीख व वेळ लिहावी आणि ती साध्या शीतकपाटात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नव्हे.

९. दुपार: प्रशिक्षण आणि खेळ

माझ्या मते प्राणिसंग्रहालयातील सर्वांत चांगले काम पावसाळ्यातल्या दुपारीच होते, कारण जाळीबाहेर ओरडणारे कोणी नसते आणि प्राण्याचे लक्ष तुमच्याकडे असते. काठीच्या टोकाला लावलेल्या चेंडूला नाक टेकवणे, वजनकाट्यावर उभे राहणे, जाळीला अंग टेकवून इंजेक्शन घेऊ देणे, असे शिक्षण याच वेळी द्यावे. जाळी नेहमी मध्ये असावी, प्रत्येक बरोबर कृतीनंतर लगेच खाऊ द्यावा आणि प्राणी उठून गेला तर बैठक संपली असे समजावे. शिक्षा करणे या पद्धतीत बसतच नाही.

अंगणात न गेलेल्या प्राण्याला आत करमत नाही आणि तो एकाच रेषेत येरझाऱ्या घालू लागतो. अस्वलाला छिद्रे पाडलेल्या बांबूत मध किंवा खजूर भरून द्यावेत. बिबट्याला हरिणाच्या पेंढ्याने भरलेले गोणपाट दिले तर तो वासावरच बराच वेळ गुंततो, मात्र तो पेंढा निरोगी कळपाचाच असल्याचे पशुवैद्यकाकडून खात्री करून घ्यावे. माकडांना पुठ्ठ्याच्या खोक्यात दाणे दडवून द्यावेत. खोक्यांच्या पिना आणि चिकटपट्टी आधी काढावी आणि भिजलेला पुठ्ठा संध्याकाळी उचलावा.

१०. पूर आणि वीजपुरवठा

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि गोदावरी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागली, की रामकुंडाजवळचे सखल पूल पाण्याखाली जातात आणि पलीकडच्या काठावरचा सहकारी वेळेवर पोहोचेलच असे नाही. म्हणून पावसाळ्याची पाळी लावताना दोन्ही काठांवरची माणसे प्रत्येक पाळीत असावीत, आणि जो रात्रीच्या पाळीवर आहे त्याने बदली माणूस येईपर्यंत जागा सोडू नये. त्याच्यासाठी जादा डबा आणि कोरडे कपडे कोठीत ठेवलेले असावेत. जनित्राचे डिझेल आणि टॉर्चच्या बॅटऱ्या दर आठवड्याला तपासाव्यात.

११. वादळात पडलेली पिल्ले

बगळे आणि पाणकावळे पावसाळ्यात झाडांवर वसाहत करून घरटी बांधतात आणि वादळात त्यांची पिल्ले खाली पडतात. तुम्ही या क्षेत्रात आहात हे कळले की शेजारीपाजारी ती तुमच्या घरी आणून देतील. पिल्लू हवेसाठी छिद्रे पाडलेल्या खोक्यात, कोरड्या कापडावर, अंधारात ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून पिल्लू सुपूर्द करावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार ते घरी पाळता येत नाही, तुमची नोकरी कोणतीही असो.

१२. नोंदवही आणि पाळीचा निरोप

प्रत्येक प्राण्यासाठी किती खाल्ले, किती उरले, शेण कसे होते, बसण्याची जागा कोरडी होती का आणि वागण्यात काय निराळे दिसले हे लिहावे. “सर्व ठीक” असे लिहिलेल्या पानाचा पशुवैद्यकाला काही उपयोग नसतो. “चितळ मादी, डावा मागचा पाय, दुपारी चारपासून टेकवत नाही” या एका ओळीवरून उपचार सुरू होऊ शकतो. रात्रपाळीच्या माणसाला वही नुसती हाती न देता त्याच्यासोबत एकदा कुलपांवरून फिरावे, तळ्यावरची रंगाची रेघ दाखवावी आणि नालीची जाळी कोणत्या बाजूला तुंबते ते सांगून मग निघावे.